दिवाळीची घरवही

दरवर्षी ३१ मार्चला बँकेच्या प्रत्येक शाखेत वर्षाचा हिशेब मिटतो. येणे किती, देणे किती, कोणती नोंद जुळली आणि कोणती राहून गेली, याचा ताळा घातला जातो आणि पुढील वर्षाची पाने उघडतात. कुटुंब नावाच्या संस्थेत मात्र असा दिवस नसतो. वर्षभरात घरात एक मूल जन्माला येते, एखादे वडीलधारे माणूस जाते, कोणाची बदली होते, कोणाचे शिक्षण पुरे होते, अंगणातले झाड वादळात पडते. परंतु यांपैकी कशाचीही नोंद कोठे होत नाही. ‘लक्षात राहील’ या भरवशावर सारे चालते. लक्षात राहिले नाही, हे ध्यानी येईपर्यंत ज्याला ते ठाऊक होते, ते माणूस विचारण्यापलीकडे गेलेले असते.

प्रस्तुत लेखात या उणिवेवरील एका सोप्या रीतीचा विचार केला आहे. दिवाळीत सारे कुटुंब एकत्र आलेले असताना सर्वांनी मिळून एका वहीत वर्षाची नोंद लिहावी आणि मागील वर्षांच्या नोंदी मोठ्याने वाचाव्यात. तिला ‘घरवही’ म्हणू. विवेचनासाठी रायपूर शहरातील बूढापारा हा भाग डोळ्यांसमोर ठेवला आहे. कारण कुटुंबाचा लेखी ठेवा कसा हरवतो, हे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी घरांत जितके स्पष्ट दिसते, तितके पुण्या-मुंबईत दिसत नाही.

वहीपूजनाचा धागा

दिवाळी आणि वही यांचे नाते जुने आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी पेढ्यांवर लाल कापडात बांधलेली, दोऱ्याने शिवलेली लांबट चोपडी पूजेला मांडतात. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक आणि ‘श्री’ काढतात आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून, म्हणजे पाडव्यापासून, व्यापारी वर्ष सुरू होते. हिशेब संगणकावर गेले, तरी पूजेपुरती चोपडी अनेक दुकानांत अजून येते. मराठी माणसाने या सणाला लेखनाची आणखी एक जोड दिली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनाचे पान आले. शाळाशाळांतून निघणारे हस्तलिखित अंक हे त्याच आवडीचे धाकटे रूप होय. घरवहीसाठी म्हणून नवी सवय लावून घ्यावी लागत नाही. सण आहे, वही आहे, लिहिण्याची आवडही आहे. केवळ तिन्हींची गाठ मारायची आहे.

हिशेबाच्या परंपरेतून दोन नियम मात्र अवश्य उचलावेत. पहिला असा, की घरवही ही खतावणीसारखी नव्हे, तर रोजमेळासारखी असावी. खतावणीत प्रत्येक खाते वेगळे असते. रोजमेळात जे ज्या क्रमाने घडले, ते त्या क्रमाने येते. ‘आजोबांचे पान’, ‘मुलांचे पान’, ‘प्रवासाचे पान’ असे कप्पे पाडून केलेल्या वह्या पहिल्या वर्षी देखण्या दिसतात आणि तिसऱ्या वर्षी निम्म्या कोऱ्या राहतात. वर्षामागून वर्ष, तारखेखाली तारीख, एवढाच क्रम पुरेसा आहे.

दुसरा नियम अधिक मोलाचा आहे. हिशेबाच्या वहीत चूक झाली, तर ती खरवडून काढत नाहीत. तीवर एक रेघ मारून, खालचे वाचता येईल अशा बेताने, वर बरोबर आकडा लिहितात आणि शेजारी सही करतात. कुटुंबाच्या आठवणींना हीच शिस्त लागू पडते. थोरल्या काकांच्या मते जुने घर ज्या साली बांधले, ते साल आत्याला मान्य नसते. अशा वेळी काकांची ओळ खोडू नये. आत्याने खाली आपले म्हणणे आपल्या नावानिशी लिहावे. दोन्ही नोंदी राहू द्याव्यात. पुढे एखादी घरपट्टीची पावती सापडली, की वाद आपोआप मिटतो. आणि न सापडली, तरी एकाच घटनेच्या दोन आठवणी हीही मिळकतच आहे.

बूढापारा आणि तीन लिप्यांची पेटी

छत्तीसगडीत ‘पारा’ म्हणजे वस्ती, मोहल्ला. बूढातालाब नावाच्या जुन्या तलावाकाठची वस्ती ती बूढापारा. या प्रदेशाशी मराठी माणसाचा संबंध सहज पावणेतीनशे वर्षांचा आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांनी रतनपूरवर चाल केली. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८५४ साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली मध्य प्रांत स्थापन होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. तेव्हापासून जवळजवळ शतकभर रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. वकील, शिक्षक, कारकून, वैद्य अशी मराठी कुटुंबे कामाच्या ओढीने इकडे आली आणि तात्यापारा, बूढापारा या भागांत स्थिरावली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. रायपूर मध्य प्रदेशात राहिले, नागपूर मुंबई राज्यात गेले. रेल्वेने एका दिवसाच्या आतले अंतर, परंतु त्या दिवसापासून दोन राज्ये, दोन राजभाषा आणि दोन शिक्षणक्रम झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य निर्माण झाले आणि रायपूर त्याची राजधानी बनले. या घडामोडींत कोणाच्या घराची भिंत पडली नाही, हे खरे. घरातील कागदांचे मात्र काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

अशा एखाद्या घरातील पत्र्याची पेटी कल्पनेने उघडून पाहावी. तळाशी पणजोबांचे कागद मोडी लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात असलेली ही लिपी आज घरातील कोणासही वाचता येत नाही. त्यावर आजोबांची पत्रे आहेत, ती बालबोध मराठीत. वडिलांचे कागद हिंदीत, कारण शाळा हिंदी होती. सर्वांत वर नातवंडांच्या गुणपत्रिका आणि नेमणुकीची पत्रे इंग्रजीत. चार पिढ्या एकाच पेटीत शेजारी शेजारी असूनही त्यांचे एकमेकींशी बोलणे होत नाही. कागद जपले गेले, वाचन तुटले. केवळ जपणूक पुरेशी नसते, याचे याहून बोलके उदाहरण देता येणार नाही. मोडीतील तो कागद कर्जरोखा आहे, जमिनीचा दाखला आहे, की मुलीच्या लग्नातील देण्याघेण्याची यादी आहे, हे सांगणारे कोणी उरत नाही आणि घर विकताना तो रद्दीत जाण्याची भीती असते.

याच प्रदेशातील एका थोर पुरुषाने भाषांचा हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहकारी. समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य सप्रे यांनी हिंदीत आणले. मासिक तीन वर्षांतच आर्थिक ओढाताणीमुळे थांबले. परंतु पुढे वामनराव लाखे यांनी १९१३ साली रायपूर येथे सहकारी बँक उभी करण्यात पुढाकार घेतला; बँक ग्राहकांच्या या पत्रिकेत त्याचा उल्लेख करणे उचितच होय. सप्रे यांच्या नावाची शाळा बूढापाऱ्यातच आहे. मराठीतील उत्तम ते हिंदी वाचकांपर्यंत नेता येते आणि तसे करताना मराठीपण उणावत नाही, हे त्यांच्या कार्यातून दिसते.

घरवहीसाठी येथे एक सोय आयतीच आहे. मराठी आणि हिंदी यांची लिपी एक आहे. रायपुरात वाढलेला नातू मराठी लिहीत नसला, तरी आजीने लिहिलेली ओळ त्याला उच्चारता येते. एखाद्या शब्दापाशी तो अडला, तर आजी समोर बसलेली असते. यास्तव ‘वहीत मराठीतच लिहिले पाहिजे’ असा आग्रह धरणे अनाठायी होय. ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहावे. आजीने मराठीत, सुनेचे माहेर छत्तीसगडी असेल तर तिने छत्तीसगडीत, नातवाने हिंदीत. वाचन मात्र सर्वांसमोर, मोठ्याने आणि दरवर्षी व्हावे. लिपी न तुटण्याचा एवढाच उपाय आहे.

न लिहिलेली दोन वर्षे

बूढापाऱ्यात एका कुटुंबाच्या मुक्कामाची आठवण आजही अभिमानाने सांगितली जाते. कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरात आले आणि त्यांचे कुटुंब १८७७ ते १८७९ या काळात येथे राहिले. थोरला मुलगा नरेंद्रनाथ तेव्हा चौदा वर्षांचा होता. हाच मुलगा पुढे स्वामी विवेकानंद झाला. बूढातालाबाला आज विवेकानंद सरोवर म्हणतात आणि तेथे त्यांचा भव्य पुतळा आहे.

विशेष असे, की ज्यांच्या आयुष्याचा इतका बारकाईने अभ्यास झाला, त्यांच्या या दोन वर्षांविषयी खात्रीने सांगता येण्यासारखे फार थोडे आहे. तेव्हा रायपूरपर्यंत आगगाडी आलेली नव्हती. शेवटचा मोठा पल्ला बैलगाडीचा होता. परंतु ती बैलगाडी नागपूरमार्गे आली, की जबलपूरहून रानावनातून, याविषयीही अभ्यासकांत मतभेद आहेत. घरातील एखाद्या माणसाने त्या वर्षी चार ओळी टिपून ठेवल्या असत्या, तर हा प्रश्नच उद्‌भवला नसता. पण अमुक वाटेने आलो, अमुक घरी उतरलो, हे त्या वेळी घरातल्या सर्वांनाच ठाऊक होते. जे सर्वांना ठाऊक असते, ते कोणीच लिहीत नाही.

प्रत्येक घरात पुढे विवेकानंद निपजतो असे नव्हे. परंतु आपले कुटुंब या गावी कोणत्या साली आले, कोणाच्या ओळखीने आले, पहिले बिऱ्हाड कोठे होते, या प्रश्नांची उत्तरे किती जणांना देता येतील, हे वाचकांनी स्वतःशीच ताडून पाहावे.

जोडासांकोच्या ठाकूरांची वही

कुटुंबाने मिळून लिहिण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग बंगालमध्ये झाला. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या कुटुंबात १८८८ च्या सुमारास एक सामाईक वही ठेवण्यात आली. तिला पारिवारिक स्मृतिलिपी पुस्तक म्हणत. रवींद्रनाथ, त्यांचे बंधू, पुतणे आणि निकटचा मित्रपरिवार तीत आपले विचार लिहीत. एकाने मांडलेल्या मतावर दुसरा खाली उत्तर लिही आणि तिसरा त्यावर टीका करी. घरातील गप्पाच जणू कागदावर उतरत.

ही वही काही वर्षांतच थांबली. इतक्या प्रतिभावंत घरातही ती पुढे चालली नाही, याचे सामान्य वाचकाने वाईट वाटून घेऊ नये; उलट त्यातून धडा घ्यावा. ‘मनात येईल तेव्हा लिहावे’ अशा वहीला नेमका दिवस नसतो, आणि ज्या कामाला दिवस नाही ते उद्यावर जाते. आवर्त ठेवीचा हप्ता ठरल्या तारखेला भरावा लागतो, म्हणूनच शिल्लक पडते, हे बँकेच्या ग्राहकांस वेगळे सांगावयास नको.

भाऊबीजेची दुपार

मग दिवस कोणता धरावा? वहीची पूजा लक्ष्मीपूजनाला होते, म्हणून तोच दिवस कोणी सुचवील. परंतु त्या संध्याकाळी घरात घाई असते, आणि मुख्य म्हणजे लग्न झालेल्या मुली त्या दिवशी आपापल्या घरी असतात. त्या माहेरी येतात भाऊबीजेला. घरवहीसाठी भाऊबीजेची दुपार हीच योग्य वेळ होय.

यामागे सोयीपलीकडचे एक कारण आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमान घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे मिळतात. अनेक मराठी घराण्यांनी परिश्रमपूर्वक आपापले कुलवृत्तांत छापले. ही साधने मोलाची आहेत. पण त्यांचा सांगाडा मुलाकडून मुलाकडे जाणारा आहे. मुलगी लग्न होऊन गेली, की तिची ओळ बहुधा तेथेच संपते. वास्तविक घराची निम्मी स्मृती तिच्यापाशी असते. आईच्या हातचे लोणचे कसे मुरे, वडील रागावले म्हणजे काय म्हणत, कोणत्या खोलीत कोणाचा जन्म झाला, हे मुलींना मुलांपेक्षा अधिक आठवते, असाच बहुतेक घरांचा अनुभव आहे. जी वही त्या घरात नसताना लिहिली जाते, ती आरंभापासूनच अपुरी राहते.

उदाहरणादाखल बूढापाऱ्यातील एका तीन पिढ्यांच्या कुटुंबाची कल्पना करू. आजी-आजोबा जुन्या घरात आहेत. थोरला मुलगा भिलाईस, धाकटा पुण्यास, मुलगी नागपूरला, एक नात बंगळूरला नोकरीत. ओवाळणी झाली, जेवणे झाली, पाने उचलली. आता वही मध्ये ठेवावी. आधी मागील वर्षाची पाने वाचावीत; वाचण्याचा मान सर्वांत लहान वाचत्या मुलाचा. दहा वर्षांपूर्वीची पाने काढली, तर अधिकच गंमत येते. त्यानंतर प्रत्येकाने अर्धे पान लिहावे. अर्ध्या पानाची मर्यादा काटेकोर पाळावी, कारण लिहिणारे माणूस दहा पाने लिहू लागले, की न लिहिणारी चार माणसे मागे सरतात.

काय लिहावे, हा खरा प्रश्न असतो. पहिल्या वर्षी बहुतेक पानांवर ‘सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा, असेच एकत्र राहू’ एवढेच येते. शुभेच्छापत्रांवर तो मजकूर छापलेलाच असतो. त्यासाठी वही नको. वर्षभरात आपल्याबाबत जे घडले आणि जे या बैठकीतील इतरांना ठाऊक नाही, असे एक काही लिहावे. नातीने लिहावे, की बंगळूरला पहिला महिनाभर तिने डाळ-भाताशिवाय काहीच केले नाही. आजोबांनी लिहावे, की डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती. असे एखादे वाक्य वहीत पडले, की पुढच्या माणसाची लेखणी सैल होते.

दरवर्षी घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीस एक प्रश्न विचारावा, एकच, आणि तिचे उत्तर सविस्तर लिहून घ्यावे. विष्णुभट गोडसे यांनी १८५७ च्या धामधुमीत केलेल्या प्रवासाची हकीकत तब्बल पंचवीस वर्षांनी लिहिली, ती चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून. १९०७ साली वैद्यांनी ती ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. विचारणारा भेटला नसता, तर वरसईच्या त्या भिक्षुकाचा अनुभव त्याच्याबरोबरच गेला असता. प्रश्न ‘तुमच्या काळी कसे होते?’ असा मोघम नसावा. तलावाचे पाणी तेव्हा कोठपर्यंत येत असे? घरात वीज आली त्या दिवशी पहिला दिवा कोणत्या खोलीत लागला? आपल्याकडे अनारशाबरोबर छत्तीसगडी अरसाही होतो, तो आजी कोणाच्या घरी शिकल्या? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कधी कधी शेजारच्या एका कुटुंबाचा अख्खा इतिहास असतो, आणि ठेठरी-खुरमी मराठी घराच्या डब्यात कशी शिरली, तेही त्यातून कळते.

ज्यांना लिहिता येत नाही, त्यांना वगळू नये. बँकेत निरक्षर खातेदाराचा अंगठा घेतात आणि त्यावर साक्ष घालतात. तसेच येथे करावे. पणजी सांगेल, पणतू लिहील. खाली ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ आणि शेजारी लिहिणाराचे नाव. तान्ह्या मुलाच्या तळव्याचा कुंकवाचा ठसा याच न्यायाने घ्यावा. सहीपेक्षा त्या ठशांकडेच पुढे सर्वांचे लक्ष आधी जाते.

एक पान भावांसाठी राखावे. भाव म्हणजे बाजारभाव! त्या आठवड्यातील तूरडाळीचा, गोडेतेलाचा, तांदळाचा दर, रेल्वे स्थानकापासून बूढापाऱ्यापर्यंतचे रिक्षाभाडे, सोन्याचा तोळ्याचा भाव आणि बँकेतील एक वर्षाच्या मुदत ठेवीचा व्याजदर, एवढ्याच सहा ओळी. दरवर्षी त्याच वस्तू, त्याच क्रमाने. दहा-पंधरा वर्षांनी हे पान मुलांसमोर ठेवले, की महागाई म्हणजे काय, ठेवीवरील व्याज तिला पुरे पडले की नाही, हे त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर उमगते. शाखेत येणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकांना ‘आमच्या वेळी’ असे म्हणून जे भाव सांगण्याची आवड असते, त्याचा पडताळाही मिळतो.

ज्या वर्षी दिवाळी नसते

घरातील माणूस गेले, की त्या वर्षी सण करीत नाहीत. दारी कंदील लागत नाही, फराळ शेजारचे आणून देतात. अशा वर्षी वही उघडावी का, असा प्रश्न येतो. ती अवश्य उघडावी. ओवाळणी नसेल, पण भावंडे भेटतातच. त्या वर्षीचे पान गेलेल्या माणसाचे असावे आणि त्यावर गुणवर्णन नसावे. प्रेमळ, कष्टाळू, देवभोळ्या होत्या, हे शब्द वर्तमानपत्रातील श्रद्धांजलीत शोभतात. त्यांनी कोणाचेच माणूस डोळ्यांसमोर उभे राहत नाही. ती चष्मा कोठे विसरत असे, फोन उचलताना प्रथम काय म्हणे, भाजीवाल्याशी घासाघीस करून शेवटी त्याला चहा कसा पाजी, हे प्रत्येकाने एकेक ओळ लिहावे. ज्याला लिहवत नाही, त्याने नुसती सही करावी.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील पाने अशीच महत्त्वाची ठरली असती. २०२० च्या दिवाळीत कित्येक कुटुंबे एकत्र येऊच शकली नाहीत, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये रायपूरसह अनेक शहरांत घरोघरी माणसे गेली. त्या दिवसांत प्राणवायूच्या सिलिंडरसाठी कोण धावले, डबा कोणी पोहोचविला, अंत्यदर्शन कोणाला मिळाले नाही, हे आजही सांगता येते. ज्या घरांनी ते लिहिलेले नाही, त्यांनी येत्या भाऊबीजेला मागील तारखेची नोंद म्हणून लिहावे. हिशेबात उशिरा आलेली नोंद घेता येते. ती उशिरा घेतली, एवढे शेजारी लिहिले म्हणजे झाले.

काय लिहू नये

घरवही हे न्यायालय नव्हे. वाटणी, उसनवारी, सासरी-माहेरी झालेले बोलणे यांचा निकाल तीत लावू नये. तसेच खाते क्रमांक, संकेतशब्द, एटीएमचा पिन, लॉकरच्या किल्लीची जागा यांतील काहीही तीत येऊ देऊ नये. वही हौसेने दहा जणांना दाखविली जाते आणि तिच्या पानांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून फिरतात, याचे भान ठेवावे.

मात्र वही बंद करण्यापूर्वी एक काम बैठकीतच उरकावे. कोणाची खाती आणि ठेवी कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेत आहेत आणि त्यांवर नामनिर्देशन झाले आहे काय, एवढे एकमेकांना विचारावे. ते वेगळ्या कागदावर टिपून, पाकिटात घालून योग्य माणसापाशी द्यावे. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांतील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत वर्ग होते; हा निधी २०१४ साली स्थापन झाला. रक्कम वर्ग झाली, तरी ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क संपत नाही. अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू झाले असून, १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. बेवारस ठरलेल्या ठेवींमागे बऱ्याचदा फसवणूक नसते. वडिलांचे एक खाते जुन्या गावी होते, हे मुलांना माहीत नसते, एवढेच कारण असते.

कागद, शाई आणि कसर

वही शिवलेली असावी. तारेची किंवा डकवलेली नको, तिची पाने सुटतात. कागद शक्यतो आम्लरहित, निदान जाड आणि पांढरा घ्यावा, कारण वर्तमानपत्रासारखा हलका कागद काही वर्षांतच पिवळा पडून चुरतो. लिहिण्यास पाण्याने न पसरणारी काळी शाई वापरावी. रायपूरचा पावसाळा दमट असतो. पाण्याची शाई एका ओल्या भिंतीने धुऊन निघते.

चिकटविण्याच्या वस्तूंबाबत बँकेतील अनुभव उपयोगी पडेल. एटीएममधून येणारी पावती, बसचे किंवा दुकानाचे यंत्रावर छापलेले तिकीट हे उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. त्यावरील अक्षरे काही महिन्यांत उडू लागतात आणि शेवटी कोरा कागद उरतो. असे काही वहीत ठेवायचे असेल, तर त्याची झेरॉक्स प्रत लावावी. पारदर्शक चिकटपट्टी कटाक्षाने टाळावी. ती पिवळी पडून कागदासही डागाळते. छायाचित्रामागे त्यातील माणसांची नावे पेन्सिलीने लिहावीत. आज सर्वांना ओळखू येणारे चेहरे पन्नास वर्षांनी कोणालाही ओळखू येत नाहीत. वाळवी आणि कसर यांपासून जपण्यासाठी वही भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये आणि पावसाळ्यानंतर एकदा वाऱ्यावर धरावी. उन्हात ठेवू नये.

काहीजण ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याचा विचार करतील. बँकेस त्याचे कौतुकच वाटेल. पण भाऊबीजेच्या दिवशी बँकेला सुट्टी असण्याचा संभव असतो. पानांची छायाचित्रे काढून दोन-तीन ठिकाणी ठेवावीत आणि मूळ वही घरात, हाताशी असावी.

वही कोणाकडे

शेवटी एक नाजूक बाब. आजी-आजोबा आहेत, तोवर वही त्यांच्यापाशी. नंतर कोणाकडे? बूढापाऱ्यासारख्या मध्यवस्तीतील जुनी घरे एकामागून एक विकली जात आहेत. भावंडांत भांडी वाटली जातात, देव वाटले जातात. वहीची वाटणी करता येत नाही. ‘थोरल्याकडे राहील’ असे म्हटले, तर धाकट्याच्या मुलांना ती पुन्हा दिसत नाही.

यावर भिशीची रीत उत्तम. भिशीत पाळी ठरलेली असते आणि ज्याची पाळी, त्याच्या घरी सारे जमतात. त्याचप्रमाणे वही एकेका घरी एक वर्ष राहावी, आणि ज्याच्याकडे वही, त्याच्याकडे पुढील भाऊबीज असावी. भिलाई, नागपूर, पुणे, बंगळूर असा तिचा फेरा होऊ द्यावा. लेकीचे घर त्यात आलेच पाहिजे. जुने घर ज्या वर्षी विकले जाईल, त्या वर्षी सर्वांनी मिळून आठवेल तसा त्याचा नकाशा वहीत काढावा: स्वयंपाकघर कोठे, तुळस कोठे, उन्हाळ्यात कोण कोठे झोपे. प्रत्येकाच्या आठवणीतील दार थोडे वेगळ्या भिंतीत निघेल. तेथे खोडाखोड करू नये.

वही एका घरातून दुसऱ्या घरी जाताना पावती घ्यावी, हे बँकेच्या माणसांना सुचणे साहजिक आहे. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस तीन रकाने आखावेत: तारीख, घेणाऱ्याचे नाव, सही. आणि सहीपूर्वी दोन शब्द, ‘वही मिळाली’.